बारा सेकंद

कणकेचा माणूस आम्ही दुपारी दोनला केला.
पोळ्या झाल्यावर परातीत उरलेला गोळा,
आत पुष्करने आणलेली तार,
डोळ्यांच्या जागी दोन मिरे.
नाव काय ठेवायचं, मी विचारलं.
मेहजबीन म्हणाली, आधी चालू तर दे.

गोष्ट एवढीच:
माणूस स्टॉपवर येतो, बस निघते, माणूस पळतो.
बस म्हणजे साबणाचं खोकं, लाल काचकागदाचं,
पाटीवर पुष्करच्या किरट्या अक्षरात कात्रज ते निगडी.
मागे आभाळ हवं होतं.
ते होतंच, आईच्या जुन्या निळ्या साडीचं,
दिवाणापुढे टांगलेल्या पडद्याचं.

पडद्यामागे पप्पा झोपले होते.
रात्रभर चाकणला यंत्रापुढे उभं राहून
सकाळी आठला धनकवडीत उतरतात,
चहा घेतात, आडवे होतात.
आमचं घर म्हणजे ही खोली आणि ओटा.
मला चवड्यांवर चालता येतं,
ताटावर ताट ठेवता येतं आवाज न करता,
शिंक गिळता येते.
त्या दोघांना मी दारातच सांगून ठेवलं होतं.

म्हणून सगळं खुणेने.
एक बोट वर: काढ फोटो.
मूठ: थांब, तुझी सावली पडलीय.
मोबाइल दोन डब्यांवर, डब्यांवर भूगोलाचं गाईड,
मागून टेकू हिंगाच्या डबीचा.
एक पाऊल म्हणजे तांदळाचा दाणा.
दाणाभर सरकव, हात काढ, बोट वर.
दाणाभर सरकव, हात काढ.

खाली भंगारवाला ओरडत गेला.
आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिलं.
काही नाही.

साठाव्या फोटोला माणसाचा गुडघा भेगाळला,
मेहजबीनने तेलाचं बोट फिरवलं.
मग एक डोळाच निखळला, टप्पे खात कुठे गेला कळेना.
तिघं ओणवे, ओट्याखाली, कपाटाखाली,
हसू दाबून पुष्करचे कान लाल.
सापडला तेव्हा मिरा फरशीच्या मधोमध होता,
जिथे आम्ही तीनदा पाहिलं होतं.

साडेपाचला पप्पा पडदा सारून आले, मोठ्ठी जांभई देत.
"आज काय झोप लागली गं! झालं का तुमचं?"

झालं होतं.
एकशे चव्वेचाळीस फोटो, बारा सेकंद.
जिन्यात बसून पाहिलं.
माणूस असा चालतो की पोटात कळ आलीय,
बस निघून जाते, तो उगाच हात हलवतो.
आता मोठ्याने हसलो, जिना घुमला.
पुन्हा लाव. पुन्हा.

चौथ्यांदा मी माणसाकडे पाहिलं नाही.
पडद्याची कड आणि फरशी यांच्यामध्ये
वीतभर फट आहे.
तिथे दिवाणाचा पाय, चपला, अंधार.
आणि एक्केचाळिसाव्या फोटोपासून
दोन पावलं.
टेकलेली, बोटं आमच्याकडे.

पावलं थांबतात. एक दुसऱ्यावर चढतं, उतरतं.
पंच्याण्णव, शहाण्णव.
अठ्ठ्याण्णवनंतर पुन्हा अंधार.
मोबाइलवर पावणेपाच सेकंद.
घरात सव्वा तास सहज.
मोरी आमच्या पलीकडे होती. पाण्याचा माठही.

पुष्कर म्हणाला, खालची पट्टी कापू या,
नीट दिसेल.
मेहजबीनने त्याच्या हातातून मोबाइल घेतला
आणि मला दिला.

रात्री आईने डबा भरला.
मी त्यांना तो माणूस दाखवला, पळणारा.
दोनदा पाहिलं. म्हणाले,
"ह्याला सांग, दहा मिनिटं आधी निघत जा."
मग बॅग खांद्याला लावून, चपला हातात घेऊन
ते जिन्यापर्यंत चवड्यांवर गेले.

आम्ही सगळे जागे होतो.