वरची हवा

वोरू गावाबाहेर, खिडकीपर्यंत बर्फ चढलेल्या आमच्या कारखान्यात
बाबा कानेल बनवतात:
मांडीवर घेऊन छेडायचं तारांचं वाद्य.
त्याची वरची फळी स्प्रूसची, तीन मिलिमीटर,
टिचकी मारली तर उत्तर देणारी.

मशीन येऊन पाच वर्षं झाली.
फळी टेबलाला धरून ठेवायला स्क्रूच होते,
चार कोपऱ्यांत चार, आणि मध्ये एक, नाइलाजाचा.
फेब्रुवारीत कटर नेमका त्याच्यावर गेला.
ठिणगी, टणत्कार,
आणि बाबांच्या चष्म्याच्या काचेवर बारीक चांदणी.
तो चष्मा ते अजून वापरतात.

म्हणून ठरलं: खालून हवा ओढायची,
फळी आपोआप चिकटून बसेल.

आधी शेजारचा उकु आला,
जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटारी बगलेत मारून.
फुकट आहेत, म्हणाला.
अकरा मिनिटं किंचाळल्या,
मग जळका वास सोडून गप्प.
आम्ही कॉफी घेतली. त्याबद्दल कुणी बोललं नाही.

मग तार्तूहून रीहो आला, व्हॅन भरून पंप घेऊन.
म्हणाला, जाती दोन.
व्हेन पंप हट्टी: घास लहान, पण ताट चाटूनपुसून साफ.
रबरी पट्टी नीट बसली तर फळी जागची हलायची नाही,
मात्र कुठे फट पडली की रुसला.
ब्लोअरची ओढ निम्म्याहून कमी,
पण खादाड. गळेल तेवढी हवा गिळतो, वर गरम ढेकर देतो.

हट्टी आधी लावला.
मी आणि उकु, दोघांनी फळी ढकलून पाहिली.
भिंत ढकलावी तसं.
बाबांनी मान हलवली आणि मशीन सुरू केलं.

पण वाद्याला भोक लागतंच ना.
सुराला बाहेर पडायला जी वाट कापायची,
तिनेच हवा आत शिरली.
काटा शून्याकडे कलंडला, फळी थरथरली,
तिचं जळण झालं.

भोकाभोवती वेगळी पट्टी लावा, रीहो म्हणाला.
बाबा म्हणाले, दरवेळी भोक वेगळं असतं.

प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने मी गणित मांडलं:
क्षेत्रफळ गुणिले दाब, तोही ब्लोअरचा, कमीतला.
साडेतीनशे किलो.
म्हणजे जंगलातलं एक अख्खं एल्क फळीवर उभं.
बाबांनी आकडा दोनदा वाचला.
"आणि ओढतं कोण एवढं?"
"कुणीच नाही," रीहो म्हणाला. "वरची हवा दाबते.
ती आधीपासून दाबतेच आहे, तुम्हाला, मला, या टेबलाला."
"मग मी पैसे कसले देतोय?"
"खालून अडवणारी हवा बाजूला काढायचे."

बाबांनी तळहात टेबलावर उताणा ठेवला,
बराच वेळ तसाच.
मग म्हणाले, दुसरा लाव.

टेबलावर एमडीएफचा पाट टाकला.
दोन्ही बाजू मशीननेच सोलल्या, श्वास मोकळा व्हावा म्हणून,
कडा मात्र सौनाच्या बाकाच्या उरलेल्या व्हार्निशने बंद.
भोक कापलं. काटा जरासा उतरला आणि तिथेच थांबला.
तळाला कांद्याच्या सालीएवढं लाकूड मुद्दाम राखलं होतं,
ते बाबांनी सुरीने, हाताने सोडवलं.

खुंट्या अजून उडतात.
बोटाएवढ्या तुकड्याला हवा कितीशी पकडणार?
त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि शिव्या.

एकच अडचण निघाली, रीहोच्या कागदात नसलेली.
ब्लोअर गुणगुणतो, काळी दोनच्या किंचित खाली.
"याच्या शेजारी मी तारा लावू कशा?"
बाबांनी भिंतीला भोक पाडलं,
ब्लोअर लाकडांच्या शेडमध्ये हलवला,
मध्ये चार मीटर जाड पाइप.

बाहेर उणे अठरा.
शेडमध्ये त्या गरम ढेकरेसमोर
उकुची मांजर येऊन झोपते.
दुपारी मशीन बंद केलं की डोळे उघडते,
आमच्याकडे बघते,
कामचुकार माणसांकडे बघावं तसं.