अर्ध्या टाकीच्या खाली

फागणे फाट्यावर दुपारी अडीचला
भटूची बाराशे दहा आली ती खोकतच.
मागे नऊ टन केळी, सावद्याच्या काट्यावर तोललेली,
हिरवी, पण या उन्हात
तासातासाला वय वाढणारी.

"पारोळापावत भन्नाट येस," भटू म्हणाला,
"मंग चढाव उना का मरस. वढसच नही."

इलाहीचाचाला ऐकू येत नाही
हे रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे,
आणि कोणी तसं म्हणत नाही.
डावा कान केव्हाचा गेलेला,
उजवा गेला मी गॅरेजला लागलो त्या वर्षी.
आता तो लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरतो,
टोक ब्लॉकला टेकवतो, डोळे मिटतो.
जबड्याच्या हाडातून चढत येतं त्याला सगळं:
टॅपेट, बेअरिंग, कुठला पिस्टन कुरकुरतोय ते.

बोट वर. म्हणजे मी पहिल्या नोझलचा नट ढिला करायचा.
इंजिन लंगडलं. म्हणजे हा कामावर होता.
नट आवळ. दुसरा. लंगडलं.
तिसरा, चौथा, माझ्या मनगटावर गरम डिझेल,
पाचवा, सहावा.
सहाही जिवंत.
मग मरतंय कोण?

धुळ्यात पंपवाल्यानं पंप खोलला होता,
नोझलवाल्यानं नोझल.
दोन चिठ्ठ्या, अठरा हजार,
भटूनं डॅशबोर्डवर देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेल्या.

चाचानं हातपंप मारला, हवेचा स्क्रू सैल केला.
फेस आला.
नुसता फेस, रसवंतीच्या ग्लासावर येतो तसा.
हवा पितेय कुठूनतरी.
आम्ही तांब्याचे वायसर बदलले,
फिल्टरचं भांडं बदललं,
फीड पंपापर्यंतचा पाईप नवा टाकला.
फेस.
साडेचार झाले. भटू ताडपत्री उचलून
एकेका घडाला हात लावून आला,
ताप बघावा तसा.

तेव्हा चाचा बंपरवरून खाली उतरला,
हात पुसत पुसत, इंजिनकडे पाठ करून विचारतो,
"टाकी कितली भरस रे?"

भटूला वाटलं अ‍ॅव्हरेज विचारतोय.
"दोन हजारनं टाकस. इतलंच जमस."
मी चाचाच्या तोंडासमोर दोन बोटं धरली.
"आनि तुना बाप?"
"आप्पा? फुल. कायम फुल."

हे उत्तर सांगायला मला बोटं सापडेनात.
चाचानं भटूच्या ओठांवरूनच उचललं ते.

टाकीतली ओढनळी बाहेर काढली,
गंजलेली, दोन हात लांब.
खालचं तोंड चाचानं अंगठ्यानं दाबलं,
नळी बादलीत आडवी केली,
वरच्या तोंडानं मी फुंकलं.
बरोबर मध्यावर, केसाएवढ्या चिरेतून,
एक बुडबुडा. थांबून आणखी एक.
डिझेल चिरेच्या वर असेतो गाडी राणी.
खाली उतरलं, की प्रत्येक घोटाबरोबर वारा.

पितळेची झाळ मारायला वीस मिनिटं लागली.

भटूनं आप्पाला फोन लावला, सोनगीरला,
स्पीकरवर.
हिलालआप्पाचे गुडघे गेले दोन वर्षांपूर्वी,
तेव्हापासून स्टीअरिंग भटूकडे.
"माले म्हाईत व्हतं रे ते," आप्पा म्हणाला.
"आकरा वरीस. आर्धाखाले जाऊच देवानी नही."
"मंग सांगं का नही?"
फोनमधून बकरीचा आवाज आला, कुणीतरी भांडं आपटलं.
"तू इचारं का?"

चाचानं पुन्हा मूठ दातांत धरली, टोक टेकवलं.
बराच वेळ तसाच उभा.
मला वाटलं अजून काही सापडलं.
पण तो फक्त ऐकत होता.

मजुरीबरोबर भटूनं एक फणी काढून दिली.
सहाच्या सुमारास त्याचा आवाज लळिंगच्या चढाला लागला असेल;
इथून काही कळत नाही.
तासाभरानं आप्पाचा पुन्हा फोन, या वेळी माझ्यावर:
नळी बसवली का नीट?
बरं.
तरी टाकी भरत जा म्हनावं तेले.