किमान

फुले मार्केटबाहेर मंडपात उभ्या पोराने
कार्डाबरोबर ट्रॉलीबॅग फुकट दिली.
चाकं छान फिरत होती.
रिक्षात घालून मी ती पिंप्राळ्याला आणली
आणि माळ्यावर ठेवली. कुठे जायचं नव्हतं.

मग मे आला. जळगावचा मे,
रात्री तीनलाही भिंतीला हात लावला की तवा.
धाकटीची पाठ घामोळ्याने लाल.
एसी घेतला.
खरं सांगते, एसीचा मला पस्तावा नाही.

पण एसीमागून मिक्सर आला,
भाच्याच्या जावळाचा आहेर, दोनदा पेट्रोल,
एकदा पाच जणांची शेवभाजी.
दर वेळी ते यंत्र कागदाची जीभ काढायचं
आणि पर्समधली नोट मोडताना जे दुखतं
ते दुखायचं नाही.

महिन्याच्या अठराला मेसेज.
एकूण देय. किमान देय.
किती मऊ शब्द आहे, किमान.
किमान चहा तरी घ्या.
किमान एक फोन करायचास.
मला वाटलं बँकही घरच्यासारखंच म्हणतेय,
नसेल जमत तर राहू दे, एवढं दे.
दिलं. सात महिने दिलं, वेळेवर,
आणि स्वतःला शहाणी समजले.

एका दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हता,
तेव्हा अपॉइंटमेंटच्या वहीमागे मांडलं:
बाकी चव्वेचाळीस हजार तीनशे बारा.
भरले दोन हजार दोनशे सोळा.
त्यात व्याज पंधराशे एक्कावन्न,
व्याजावर कर दोनशे एकोणऐंशी.
म्हणजे खरोखर फिटले
तीनशे शहाऐंशी.

पुन्हा वजाबाकी केली. तेवढेच.
रोज याच खुर्चीत बसून लोकांना सांगते मी,
किडलेल्या दातात नुसती लवंग धरून बसू नका.

यमुनाबाई फरशी पुसत होती.
तिला अर्धंच सांगितलं.
फडकं पिळता पिळता म्हणाली,
"उसनं पीठ भाकरमा दिखत नही, ताई.
डबामा दिखस."

सोमवारी आमची भिशी. बाराजणी.
तिथे किमान नसतं.
दोन हजार म्हणजे दोन हजार,
नाहीतर मंगला फेगडे कप असा ठेवते बशीत
की पुढच्या महिन्यात आपणच आधी पोचतो.
मी नंबर मागून घेतला.
कारण कोणी विचारलं नाही.
चोवीस हजार, रबरबँड लावून.

हेमकांतला सांगायचं राहिलं होतं.
तो गॅसवर वांगी भाजत होता,
देठ धरून उलटी करत.
सगळे कागद ओट्यावर ठेवले.
तो वाचत राहिला, एक वांगं एका बाजूने कोळसा झालं.
मग म्हणाला, "बिल अठराला बनतं ना?
मग मोठी खरेदी एकोणिसाला करायची."
मी म्हटलं, "आधी बाकी शून्य.
तोवर एकोणीस नाही नि वीस नाही."
"बरं," म्हणाला, आणि वांगं सोलायला घेतलं.
भांडणाची तयारी करून आले होते मी,
ती तशीच राहिली हातात.

कार्ड कापलं नाही.
बोट कापलं म्हणून विळी कोणी फेकत नाही,
काम झालं की आडवी करून ठेवतात.

फेब्रुवारीत मेसेज आला.
एकूण देय शून्य, किमान देय शून्य,
पहिल्यांदाच दोघं सारखे.
रविवारी उनपदेवला गेलो, गरम पाण्याच्या झऱ्यावर.
एका दिवसाचं जाणं, बॅग लागणारच नव्हती,
तरी धाकटीने ती माळ्यावरून काढायला लावली
आणि स्टँडभर ओढत फिरली.

तिकिटं रोखीने काढली.
कंडक्टरकडे सुटे नव्हते,
तिकिटामागे त्याने पेनाने लिहून दिलं, पंचवीस.
अख्खा रस्ता ते मुठीत धरून बसले.
उतरताना मागून घेतले.