पाठराखीण

दुकानात दोन मांडण्या समोरासमोर,
लाल डब्यांची आणि निळ्या डब्यांची.
बाहेर उणे एकतीस. थंडर बेचं बंदर गोठलेलं,
आणि मी काउंटरमागे
हातमोजे न काढता पावत्या फाडणारी.

गिऱ्हाईक विचारायचं, यातलं टिकेल कुठलं?
मी म्हणायची, दोन्ही चांगली.
खोटं नव्हतं ते,
पण खरं म्हणायलाही जीभ रेटत नसे.

रायमो निस्कानेननं विचारलं नाही.
चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर
वजनकाटा सांभाळलेला माणूस;
त्यानं दोन्ही खोकी हातांत तोलली,
चष्मा कपाळावर सरकवून माहितीपत्रकं वाचली
आणि लाल घेतलं. स्वस्त होतं.
"चित्र दोन्हींत सारखंच," म्हणाला.
बरोबर होतं त्याचं.
किरणसुद्धा एकाच रंगाचा, निळा-जांभळा;
एकीचं अक्षर कातडीलगत,
दुसरीचं जरा आत.
अर्ध्या मिलिमीटरवरून दोन घराणी भांडत होती.

दर शुक्रवारी एक लाल डबा.
पक्ष्यांचे, समुद्रतळाचे, बर्फातल्या कोल्ह्यांचे.
एकदा पैसे मोजता मोजता म्हणाला,
हेल्वीला काल बगळ्याची पिसं सुटी सुटी दिसली.
हेल्वीची नजर तेव्हा निम्मी गेली होती,
उरलेली डॉक्टरांनी महिन्यांत मोजून दिली होती.

नातू डेव्हिन आला तो वेगळ्याच कामाला.
रात्रभर आमच्या पार्किंगमध्ये, झोपायच्या पिशवीत,
नाकाचा शेंडा लालभडक,
रांगेत सहावा.
त्याला मोटारी पळवायच्या होत्या.
काळा, जड, चकचकीत खोका छातीशी धरून
तो असा निघाला, जणू तान्हं मूल आहे.
किंमत ऐकून त्याच्या आईनं
गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

नवरीबरोबर पाठराखीण येते,
चार दिवस राहते, हळद उतरली की परत जाते.
ही गेली नाही.
खेळाच्या पदराआड निळी डिस्क घरात शिरली
आणि तळघरातल्या टीव्हीखाली
बिऱ्हाड मांडून बसली.
समोरच्या पक्षाकडेही खेळाचं यंत्र होतं,
पण त्यांची पाहुणी वेगळे पैसे मोजून आणायची;
ती ओसरीवरच राहिली,
आत ये असं म्हणालं कोण?

मग कुठल्याशा उंच इमारतीत
शिरगणती झाली.
ज्यांनी एकही सिनेमा लावला नव्हता
ती पोरंही मोजली गेली.
डेव्हिन मोजला गेला, गृहपाठ न करता.
लढाई त्यानं जिंकली, आणि त्याला
ती होती हेच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत वरून फोन आला.
लाल डब्यांवर मी सत्तर टक्क्यांच्या चिठ्ठ्या डकवत होते
तेव्हा रायमो आला.
मला वाटलं, आता ऐकवणार.
त्यानं अकरा डबे उचलले.
"हरलं म्हणून काय दिसायचं थांबतं?"

नव्या यंत्रांना आता फटच नसते.
सिनेमा कुठूनसा हवेतून येतो,
निळी मांडणीही गेली,
आणि डेव्हिन, दाढीवाला, कॅलगरीहून
मुलीचे फोटो पाठवतो.

दुकान बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात
रायमो आला, काठी टेकत.
हेल्वीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.
"बगळा मध्येच थांबतो," म्हणाला,
"पाय उचलतो आणि थांबतो.
भिंग पुसायचं काही आहे का?"

शेल्फं रिकामी होती.
मी खिशातलं माझं चष्म्याचं फडकं दिलं.
त्यानं ते घडी करून
शर्टाच्या खिशात ठेवलं, बटण लावलं,
आणि पावती मागितली.