साठातली सतरावी

झाग्रेबच्या रविवारच्या बाजारात
ड्रागुतिन एका फोटोचे पैसे मोजतो.
फोटो कुणाच्या तरी लग्नाचा. नवरी हसतेय,
नवऱ्याचे बूट मापाला मोठे.
ड्रागुतिनला हे दोघे नकोच आहेत.
त्याने फ्रेम उलटी करून पाहिली आहे.

पाठीला पुठ्ठा म्हणून ठोकलीय ती
व्येरा श्कर्लिनची स्क्रीनप्रिंट, एकोणीसशे चौसष्ट.
काळा चौकोन, त्याच्या काखेत तांबडा,
खाली पेन्सिलीने, मुंगीच्या पावलांनी: १७/६०.

घरी बावीस आहेत. पलंगाखाली, सपाट,
पातळ कागदांत गुंडाळून
बाळंतिणीसारख्या जपलेल्या.
ट्रामची चाकं दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली,
मिलिमीटरचा दशांश त्याला बोटांनी कळतो.
म्हणून तर दिसलं:
तांबडा काळ्याला नीट भिडलेला नाही.
जाळी सरकली असेल,
किंवा रबराची पट्टी ओढणाऱ्या पोराला
ऐन वेळी शिंक आली असेल.
केसाएवढी फट. तिच्यातून कागद डोकावतो,
चहाच्या रंगाचा.

व्यापारी याला दोष म्हणतील, किंमत पाडतील.
म्हणोत.
आख्ख्या चित्रात माणूस शिरायला
तेवढीच जागा आहे.

संध्याकाळी तो गंजके खिळे उपटतो,
दाताच्या डॉक्टरसारखा, फुंकर घालत.
सतरावी सुटते.
फोटो टेबलावर उताणा पडतो.
नवरी अजून हसतेय.

आता यांच्या पाठीला काय लावायचं?
रात्री साडेअकराला
ड्रागुतिन घरभर पुठ्ठा शोधत फिरतो.