बदली खेळाडू

तिसरी पाळी सुटते सातला.
तिकडं तेव्हा कालचीच रात्र चालू असते
आणि केंडल ओव्हरटन
गुडघ्यावर टॉवेल टाकून बाकावर बसलेला असतो.

जब्बारभाईच्या टपरीवर मी फोन
साखरेच्या बरणीला टेकवतो.
चित्र अडकतं, चहा येतो, चित्र सुटतं.
'आज तरी उतरवला का तुझ्या गड्याला?'
'तिसऱ्या क्वार्टरमध्ये. चार मिनिटं.'
'चार तर चार,' म्हणतो जब्बारभाई, आणि गाळणी आपटतो.

एकोणिसाव्या वर्षी नाव पुकारलं त्याचं
तेव्हा मोरपंखी सूट घातला होता त्यानं.
आई रडत होती, मामा टोपी उडवत होता.
त्याच्या गावात काचेचा एकच कारखाना होता,
तोही बंद पडलेला, असं वाचलंय मी.
पहिल्याच वर्षी एका रात्रीत एकतीस गुण.
ती रात्र माझ्याकडं जपून आहे,
कारण त्याच पहाटे रोलिंगमधून सळई उसळली
आणि घुगेची पोटरी भाजली.
सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून
मी एकटाच ओरडलो, 'गेला! गेला!'
सिस्टर धावत आली.
तिला वाटलं, पेशंट.

मग गुडघा.
मग सौदा: तो आणि वर थोडी रोकड,
बदल्यात एक उतरत्या वयाचा सेंटर.
आमच्या बैलबाजारात निदान दात बघतात,
रुमालाखाली बोटं दाबतात,
जनावर तिथं उभं तरी असतं.
ह्याला विमानतळावर कळलं, फोनवरून.

मीही खेळलोय.
दहावीत सहा फूट एक, नाव पडलं खांब.
कसबे सरांनी शाळेमागं बाभळीच्या खोडाला रिंग ठोकली होती,
चेंडू काट्यात गेला की खेळ आठवडाभर बंद.
विभागीयला औरंगाबादला गेलो, तेव्हा तेच नाव होतं,
बारावा गडी म्हणून.
तीन दिवस जर्सी घडी न मोडता घातली.
शेवटच्या सामन्यात सरांनी हात केला.
मी उठलो, नाडी आवळली, दोन उड्या मारल्या.
पाण्याची बाटली पाहिजे होती त्यांना.

जूनमध्ये बंदरावरून भंगाराचा कंटेनर आला.
रेडिएटर, जिन्याचे कठडे, पिचलेल्या चाकांची ताटं,
आणि त्यात एक रिंग.
नारिंगी. जाळीचे बारा आकडे, दोन तुटलेले,
पुढच्या बाजूनं वाकलेली,
कुणीतरी लोंबकळलं असणार तिला, एक नाही, शंभर पोरं.
कुठल्या गावची, ते लिहिलेलं नव्हतं.
मी डाव्या हातानं वर धरली,
हातमोज्याचा गोळा केला आणि टाकला.
कडेला लागून बाहेर पडला.
दुसऱ्यांदा टाकणार, तेवढ्यात चौरे सुपरवायझर,
'काहून थांबला रे? लोहचुंबक खाली येऊ राहिलं!'
चार नंबरच्या भट्टीत
नारिंगीत नारिंगी गेलं, दिसलंसुद्धा नाही.

अडीच किलो असेल फार तर.
बारा एमएमच्या सळईचं अडीच-तीन हात.
परतूरला गेली, मंठ्याला गेली,
कुणाच्या न्हाणीच्या स्लॅबमध्ये आहे, काय माहीत.
उचलून घरी आणता आली असती.
गेटवर झडती होते, हे खरं.
पण मी विचारलंच नाही कुणाला, हेही खरं.

काल ओव्हरटनला सोडलं.
चोविसावं वर्ष. बातमी दीड ओळ,
त्यातही आडनाव चुकलेलं.
आता बर्फाच्या कुठल्याशा देशात खेळणार म्हणे,
शाळेच्या जिमखान्याएवढं मैदान, हजारभर माणसं,
पण सुरुवातीच्या पाचात.

तिथले सामने इकडच्या रात्री साडेदहाला.
म्हणजे मला पहिली पाळी मागून घ्यावी लागेल.
चौरे वहीतून मान वर न करता विचारेल,
'काहून? घरी आजारी हाये का कोणी?'

हाव, म्हणेन.
गुडघा.