गुरुवार, सहावीचा वर्ग

प्रयोगशाळेत माझ्या काँक्रीटला
चोवीस तास कान लावलेले असतात.
तडा जाण्याआधी ते कुजबुजतं, म्हणे.
तीन वर्षं ऐकतेय.
अजून एका वाक्याचाही अर्थ लागलेला नाही.

गुरुवारी मात्र हॅनकॉकच्या शाळेत जाते,
बुटांवरचं बर्फ झटकून, खोक्यात चार ठोकळे घेऊन.
विद्यापीठ मला त्याचे पैसे देतं
आणि मिसेस केस्किटालो देतात अर्धा फळा.

पहिल्या दिवशी मी 'अरेखीय' म्हणाले
तेव्हा सव्वीस जणांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं.
आता शहाणी झालेय. ठोकळा हातात देते, विचारते:
हा आतून दुखावलाय का? कसं कळेल?

कुणी वास घेतं. कुणी पाणी ओततं.
मागच्या बाकावरचा आर्वो, ज्याची वही कधीच सापडत नाही,
खिशातून किल्ली काढतो,
डोळे मिटून टकटक करतो.
"हा," म्हणतो. "बाबा तळ्यावर बर्फ असाच वाजवतात,
मासे धरायला जाताना.
चांगला बर्फ लगेच बोलतो.
वाईट बर्फ उत्तर द्यायला उशीर करतो."

उशीर.
मी खडू खाली ठेवते.

रात्री चारही ठोकळे कापले.
आर्वोचा धडधाकट निघाला,
तडा होता शेजारच्यात.
तरी पहाटेपर्यंत जुन्या नोंदींमधला
उशीर मोजत बसले,
जो मी गोंगाट समजून गाळून टाकला होता.

पुढच्या गुरुवारी त्याला सांगितलं, चुकलास.
त्यानं किल्ली बाहीला पुसली.
"शेजारचा कुठला?"
कापला रे तो, अर्धाच उरलाय.
"अर्धा तर अर्धा. आणा इकडे."